माळवदावरचं यान

साऱ्या मराठवाड्यात चंद्रावर जायची तयारी करून बसलेला माणूस एकच होता आणि नशिबानं तोच माझा सासरा झाला. हट्टा गावातल्या घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, त्यांनी चुन्यानं अख्खं यान आखून ठेवलं होतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. संध्याकाळी शेतातून आले की यानाच्या मधोमध घोंगडी टाकून उताणे पडायचे आणि चांदण्या उमटेपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. उन्हाळ्यात सासूबाई नेमक्या माणसं बसायच्या जागी कुरडया वाळत घालायच्या. "इतकं वजन धरलं न्हाई मी," एवढंच म्हणून ते कुरडया शेपटाकडं सरकवायचे. यानाचं बाकी सगळं ठरलं होतं, घोडं अडलं होतं ते इंजिनापाशी. अनेकदा उडून खात्री पटलेलं जुनं लावावं, की हलकं, जास्त जोराचं, पण अजून कुणी उडवून न पाहिलेलं नवं? रेडिओवर काही ऐकलं की ते चुना खरवडून जुन्याच्या जागी नवं काढायचे. चार दिवसांत धीर सुटला की पुन्हा जुनं.

चंद्रावर माणसं नुकतीच जाऊन येऊ लागली होती, त्या दिवसांत मी त्यांची मुलगी पाहायला गेलो. ती मला पाहताक्षणीच आवडली. पण तिला आणखी एक स्थळ आलं होतं, पक्क्या सरकारी नोकरीतलं. माझं वसमतला रेडिओ दुरुस्तीचं नवंकोरं दुकान होतं आणि त्यात अजून एकही रेडिओ आला नव्हता. पोहे पुढ्यात आले तोच मामांनी, म्हणजे या होणाऱ्या सासऱ्यांनी, विचारलं, "पाहुणे, चंद्रावर जायचं तर इंजिन कोणतं लावताल? जुनं का नवं?" स्वतःचं नवं दुकान आठवून मी "नवं" म्हणालो.

"मग ते आधी जमिनीवर बांधून पेटवून पाहावं लागतं," मामा म्हणाले. "वर जाऊन बिघडलं तर तिथं कोण जाईल? ज्वारी निघेस्तोवर राहा हितं."

"पोरगी देऊन राहिलात का इंजिन घेऊन राहिलात?" सासूबाई आतून म्हणाल्या. तरी मी राहिलो. ज्वारी उपटून हात सोलून निघाले, त्याचं मामांना काही विशेष वाटलं नाही. मग त्यांनी आपला रेडिओ माझ्यापुढं ठेवला. थोडी खरखर होती एवढंच. मी तो खोलला आणि तो पार मुका झाला. आता लग्न मोडलं, असं समजून मी माळवदावर मान खाली घालून बसलो. मामा मात्र खुशीत. "बिघडायचं ते जमिनीवरच बिघडलं ना? हेच तर पाहायचं व्हतं. आता नीट करा." बरीच खटपट केल्यावर एक सुटलेली तार सापडली आणि रेडिओ बोलू लागला. मामांनी तो पोटाशी धरून बातम्या ऐकल्या, मग लेकीला हाक मारली. "बोल माय, जुनं का नवं?"

"तुमचं चंद्राचं चालू द्या, आबा," ती म्हणाली. "मला वसमतलाच जायचंय."

लग्नानंतर आमची बैलगाडी निघाली तेव्हा मामा मागून गाडी ढकलत गावच्या शिवेपर्यंत आले. बैल चांगले धडधाकट होते, ढकलायची काही गरज नव्हती. शिवेवर त्यांनी हात काढला. "जावईबापू, ठरलं माझं. खाली जुनं, वर नवं. जुन्यानं फकस्त हितून उचलून द्यायचं, मंग ते गळून पडतं. पुढं नव्यानं न्यायचं." मग भरदुपारी ते चंद्र शोधत असल्यासारखे वर पाहत उभे राहिले.

त्यानंतर ते यान त्यांनी कधी खरवडलं नाही. आता मामा नाहीत आणि माळवदावर चुनाही उरला नाही. परवा आमच्या लेकीचं लग्न झालं. तिची गाडी निघाली तेव्हा माझा हात काही केल्या गाडीच्या दारावरून निघेना. मामांची इतकी आठवण आली की काही सुचेना. बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, "सोडा आता. आबांनी सोडला व्हता."