एकच हँडबॅग

नव्या रेक्झिनचा वास आला की वाशीचं आमचं जुनं घर आठवतं. अब्बा मस्कतहून सुट्टीवर आले की त्यांच्या बॅगा उघडताना बघायला अख्खा मजला आमच्या हॉलमध्ये जमायचा. त्या वर्षी मात्र त्यांच्या खांद्याला एकच हँडबॅग होती. "काय भाई, यंदा मस्कतचा बाजार बंद होता काय?" शेजारच्या काकू हसल्या. "सामान मागून कार्गोनं येतंय," अब्बा म्हणाले. मी बॅग आत नेऊन उघडली. दोन शर्टांखाली आमचा फ्रेममधला फोटो होता, जो कायम त्यांच्या ऑफिसच्या टेबलावर असायचा. त्यांची नोकरी गेली होती. बाहेर ते कुणासाठी कोणतं अत्तर येतंय ते सांगत होते आणि अम्मी खूश होऊन ऐकत होती. आता कामासाठी फिरताना मीही एकच हँडबॅग घेऊन प्रवास करते. तरी घरी येताना दारात पाय अडतोच, आत कुणी बाकीचं सामान कुठंय विचारेल म्हणून.