ओंजळवाल्या सिस्टर

सिस्टर बाळांची परवानगी घ्यायच्या. काचेच्या पेटीत वाकायच्या, आपला घोगरा आवाज खाली आणायच्या आणि म्हणायच्या, "बाई, आता टाचेतून थेंबभर रक्त घेतो हं. रागावजो नको." समोरची बाई म्हणजे कबुतराएवढा जीव! पण उत्तराची वाट पाहावी तशा त्या थांबायच्या आणि तोवर डॉक्टर सुई हातात धरून मुकाट उभे. माणसांशी मात्र ह्याच सिस्टर इतक्या फटकळ, की त्यांची चाहूल लागली की वॉर्डाबाहेर बसलेल्या आम्ही बायका पदर सावरून बसायचो.

त्यांचं खरं नाव छातीवरच्या बिल्ल्यावर होतं, पण ते कोणी घेत नसे. बाहेरच्या बायकांनी त्यांचं नाव ओंजळवाल्या सिस्टर पाडलं होतं. टोचायच्या आधी त्या हातावर हात चोळून गरम करायच्या आणि बाळाला ओंजळीत घ्यायच्या. उचलायच्या नाहीत, होतं तिथंच. एक हात डोक्याभोवती, दुसऱ्या हातानं काड्यांसारखे हातपाय गोळा करून पोटाशी. आईच्या पोटात असतं तसं. एवढ्याशा जिवाला दरवेळी गुंगीचं औषध देता येत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं. "मंग दुखणं कमी कराले उरलं काय? हातच न!" सिस्टर म्हणायच्या. टोचून झालं तरी त्या हात लगेच काढायच्या नाहीत. रडं शमेपर्यंत तशाच वाकून उभ्या. पाठ दुखत असणार, पण कधी बोलल्या नाहीत.

माझी मुलगी दोन महिने आधी आली. हिंगणघाटला आमचं किराणा दुकान. घरी फोन नव्हता. शेजारच्या एसटीडीवरून ह्यांनी गाडी बोलावली आणि मला वर्ध्याला आणलं. पोचलो न पोचलो तोच ती झाली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाकात नळी, हाताला सलाईन, पायाला पट्टी. हात लावायला जागाच नव्हती. मी नुसतं बोट पुढं केलं आणि ती दचकली. रडण्याचा आवाजसुद्धा नीट निघेना, नुसता चेहरा चुरगळला. मी हात मागे घेतला तो घेतलाच. त्यानंतर रोज काचेपाशी उभी राहायची, हात पाठीमागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी. माझी पोरगी मलाच घाबरते, हे सांगणार कुणाला? दूधही येईना. सासूबाई म्हणायच्या, "बाळंतिणीनं लेकराले टोचताना पाहू नाई, दूध आटते." मला ते बरंच पडलं. सुईचा ट्रे दिसला की मी बाहेर.

सासूबाईंची तऱ्हा आणखी वेगळी. टोचण्याआधी सिस्टर बाळांच्या जिभेवर कसला तरी थेंब ठेवतात आणि बाळ चोखत राहतं, हे त्यांनी दारातून हेरलं. घुटीच ती, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी त्या चांदीची वाटी आणि हिंगणीकडच्या जंगलातला मध घेऊन हजर. "आमच्या घरात पहिली घुटी मी देतो," म्हणत बोटाला मध लावून पेटीपर्यंत पोचल्यासुद्धा. सिस्टरांनी त्यांचं मनगटच धरलं. "आजी, मध नाई! जीव जाईन लेकराचा!" सासूबाई पांढऱ्याफटक. म्हणाल्या, "मंग तुम्ही काय ठेवता जिभेवर?"

"आईचं दूध. ज्याच्या त्याच्या आईचं. तुमच्या नातीले तेवढं मिळून नाई राह्यलं, म्हणून तिले डॉक्टरसाहेबाच्या हिशेबानं साखरपाण्याचा थेंब देतो."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

त्याच दुपारी सिस्टर मला कोपऱ्यात घेऊन गेल्या. वाटलं, आता झापतात. त्या म्हणाल्या, "काऊन वं, पोरीले हात काऊन लावत नाई?" मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "घाबरनच न ते. आतापर्यंत जो हात आला त्यानं टोचलंच. न टोचणारा हात असते, हे तिले मालूमच नाई. मी ओंजळ धरतो, पण मी ड्यूटीवाली बाई. उद्या ते मलेच माय समजली, तर तू काय करशीन?" त्या हसल्या नाहीत.

संध्याकाळी सलाईनची सुई बदलायची होती. सिस्टरांनी मला हात धुवायला लावले, माझे हात आपल्या हातांत घेऊन चोळले आणि स्वतः मागे सरकल्या. "आज माह्या हाताले सुट्टी. धर." मी म्हटलं, मला नाही जमायचं. "जमते. दाबू नको, थोपटू नको. नुसते ठेव." मी ठेवले. एका तळव्यात डोक्याचा गरम गोळा, दुसऱ्यात पावलांची धडपड. ती दचकली, तोंड वेडंवाकडं केलं. "बोल काईतरी," सिस्टर म्हणाल्या. आता काय बोलू? काही सुचेना, तेव्हा मी आपली दुकानातल्या डब्यांची नावं घेत सुटले! तूरडाळ, हरभराडाळ, मूग, पोहे, गूळ. डॉक्टर खाली मान घालून हसत होते, पण सुई गेली. रडली ती, रडणारच. पण माझ्या हातातच रडली आणि माझ्या हातातच गप्प झाली. तिची पावलं माझ्या तळव्याला टेकली ती तशीच राहिली. पदर ओला लागला तेव्हा कळलं, दूध आलंय.

पुढे टोचण्याच्या वेळी मी आतच. जरा बरी झाल्यावर तिला माझ्या छातीशी ठेवलं, कातडीला कातडी, वरून सासूबाईंचं धुवट लुगडं, आणि तिथंच टाच टोचायचे. सासूबाईंनी 'पाहू नाई'चा पुन्हा चकार शब्द काढला नाही. उलट नवीन आलेल्या बायकांना दटावायच्या, "हात गरम कर आधी!" आणि सिस्टर? त्या आमच्याकडे फिरकेनाशाच झाल्या. लांबून पाहायच्या आणि दुसऱ्या बाळाकडे वळायच्या. मला वाईट वाटायचं, रागही यायचा. माझं काय चुकलं होतं एवढं?

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी सिस्टरांसाठी साडी नेली होती, ती त्यांनी घेतली. मी बाळ पुढं केलं, "घ्या न एकदा." त्यांनी हात वर केले आणि तसेच खाली नेले. "नको. घेतलं का मंग सोडवत नाई मले." निरोप देताना आपल्याकडे 'येजो' म्हणतात. ह्या दारातून ओरडल्या, "येजो नको वं परत इकडं!"

गेलेच मी तरी. मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. सिस्टर निवृत्तीला आल्या होत्या. मुलीला म्हटलं, "जा, पाया पड." ती माझ्या पाठीमागे लपली ती पदर सोडेना. मी ओढते, ती आणखी चिकटते. शरमेनं अर्धी झाले. "अगं, ह्यांनीच तुला..." सिस्टरांनी मला थांबवलं. "राहू दे. वळखत नाई न मले? पाह्य, कशी चिपकली तुले!" डोळ्यांत पाणी होतं, पण चेहऱ्यावर असा आनंद, की मी तिला ओढायचं सोडून दिलं. "लेकराईले मी आठोली नाई पाहिजे. तेव्हाच माह्यं काम झालं समज."

पुढे त्या पुलगावला भावाकडे राहायला गेल्याचं कळलं. शोधत गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "बाई तर मागच्याच हिवाळ्यात वारल्या." एकदा तरी त्यांचे हात हातात घ्यायचे होते मला.

मुलगी आता माझ्याहून उंच झाली आहे. कुठं दुखलंखुपलं की अजून माझ्याच पांघरुणात शिरते. परवा तिला सिस्टरांचं सांगत होते, तर माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मला नाही गं आठवत त्या." सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, बरं झालं. मला मात्र अजून ते बरं म्हणवत नाही.