टिल्लू आणि माझी जीभ

चहा हातात धरा, पण घोट आत्ताच घेऊ नका. ठसका लागला तर मी जबाबदार नाही! सारं धामणगाव बढे गाव मी आजवर थापा मारून बनवलं, आणि एका कोंबडीएवढ्या पाखरापुढे कसा तोंडावर आपटलो, ते सांगतो. सातवी नापास माणूस लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

आमच्या माळावर तणमोर आणले होते. लांब पायांचं, गवतात राहणारं पाखरू. माझ्या लहानपणी पावसाळ्यात नर गवतातून टुणकन उडी मारायचा. का? तर मादीला कळावं, मी इथं आहे! मग गवत गेलं, तणमोरही गेले. आता कुठल्याशा केंद्रात अंडी उबवून सहा पिल्लं आमच्याकडे आली. इथं वाढवायची आणि माळावर सोडायची. जाळीचा मोठा पिंजरा, देखरेखीला पुण्याच्या केतकी मॅडम, आणि राखणीला कोण? मी!

"आबा, दोनच नियम," मॅडम म्हणाल्या. "आत जाताना हा राखाडी झगा घालायचा, तोंडसुद्धा झाकायचं. आणि एक अक्षर बोलायचं नाही."

"काऊन?"

"माणूस ओळखीचा झाला की पाखरू त्याच्याजवळ जातं. उद्या कोणी धरून शिजवेल. माणसाला न भिणारं पाखरू आम्ही सोडत नाही. ते जन्मभर पिंजऱ्यात."

एक अक्षर नाही! अहो, मी झोपेतही बोलतो. आमची बुढी, म्हणजे बायको, कानात कापूस घालून निजते.

पंधरा दिवस गप्प राहिलो. पोटात शब्द साचून गॅस झाला. तेवढ्यात एका पिल्लानं खाणं सोडलं. समोर नाकतोडे टाकले, तर तोंड फिरवलं. मान टाकून बसलेलं. मॅडम बुलढाण्याला गेलेल्या. राहवलं नाही. झग्यातूनच हळू म्हणालो, "काऊन रुसला बे? खाय नं! बुढीच्या हातचं खाऊन मी जगलो, तू नाकतोडा खाऊन मरत नाही!"

त्यानं मान वाकडी करून पाहिलं. आणि नाकतोडा गट्टम!

मग काय विचारता! रोजच्या गप्पा सुरू. नाव ठेवलं टिल्लू. सरपंचाची टिंगल, बुढीच्या तक्रारी, सगळं त्याच्या कानात. मधेच न उठणारा श्रोता मला जन्मात पहिल्यांदा मिळाला. टिल्लू चांगला ठणठणीत झाला.

आणि परीक्षा आली. "आबा, आज झगा काढून आत जा, मोठ्यानं बोला. सगळी पळाली तर पास."

टिल्लू धावत आला तर? माझ्या जिभेपायी त्याला जन्मठेप! पण डोकं चाललं. टिल्लूला माझी वऱ्हाडीच तर माहीत! छाती फुगवली आणि रेडिओवरच्या बातम्यांसारखा गरजलो, "नमस्कार! आपण सर्वांनी तातडीने दूर व्हावे, ही नम्र विनंती!"

सहाही पाखरं सैरावैरा! टिल्लू सगळ्यांच्या पुढे.

"आबा, इतकं शुद्ध?"

"तुमची संगत, मॅडम!"

सोडायची सकाळ उजाडली. जाळी उचलली. पाच जण गवतात गडप. टिल्लू मात्र जाळीच्या तोंडाशी थबकला. आणि इथंच घात झाला. तोंडातून निघूनच गेलं, "जाय रे माह्या राजा! सांभाळून राह्यजो!"

टिल्लू वळला. धूम धावत थेट माझ्या पायाशी! मान वाकडी. कुठाय नाकतोडा?

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचे डोळेच भरले. "आबा, काय केलंत हे?"

मी सगळं सांगून टाकलं.

"आता एकच उपाय," त्या म्हणाल्या. "जो आवाज त्याला आवडतो, त्याचंच भय वाटलं पाहिजे. तुम्हालाच करावं लागेल."

टिल्लूला परत पिंजऱ्यात घेतलं. रोज थाळी बडवत मागं लागायचो, "पय बे! पय इथून!" पहिल्या दिवशी त्याला खेळ वाटला. गिरक्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात दबून त्यानं मान वाकडी करून पाहिलं. घरी येऊन मी ताटावर नुसता बसून राहिलो.

बुढी म्हणाली, "लोकायले रडवणारा माणूस, आज तुमच्याच डोयात काऊन पाणी?"

"कांदा कापला."

"कवा? स्वैपाक त मी केला!"

महिन्याभरानं मी नुसता खोकलो तरी टिल्लू झुडपाआड. मॅडमनी त्याला सोडलं. वहीत लिहिलं: 'आबांचा आवाज ऐकताच पळतो. प्रगती उत्तम.' वाचून दाखवलं, तेव्हा मी हसलो. हसावंच लागलं.

यंदा पावसाळ्यात बुढीला घेऊन माळाच्या बांधावर बसलो होतो. लांब गवतातून काळं-पांढरं काहीतरी टुणकन उसळलं. पुन्हा उसळलं. दुसरा असेलही, पण माझ्यासाठी तो टिल्लूच! हाक ओठावर आली, आणि मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तासभर. एक शब्द नाही.

बुढी टिल्लूकडे पाहीचना, माझ्या बंद तोंडाकडेच पाहत राहिली. शेवटी हळूच म्हणाली,

"अवो, ते पाखरू घरी नाही ठेवता येत काय?"