पोरांची पट्टी

सन दोन हजार तेवीस. मला तेव्हा एकाहत्तरावं लागलं होतं. गुडघे कामातून गेले होते आणि आमच्या भजन मंडळातली माणसंही एकेक करून गेली होती. अकरा जणांतले आम्ही तिघे उरलो. त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याला मांडी घालून बसता येत नव्हतं. भजन आपोआपच बंद पडलं. पेटी तेवढी माझ्या घरी राहिली, जुनी, साधी. आठवड्यातून एकदा फडक्याने पुसायची आणि परत ठेवून द्यायची, एवढंच काम उरलं होतं. तेवढ्यानेही दम लागायचा.

अशात एक दिवस एक बाई घरी आली. आमच्याच गावची सून, सेलूला एका कचेरीत कारकून. म्हणाली, "काकाजी, दर रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात पोरांचा गाण्याचा वर्ग घ्यायचा आहे. सगळ्यांनी मिळून गायचं. गावातलं कोणतंही पोर येऊ दे, फी नाही. पेटीला तुम्ही बसाल का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. उगाच दोन मिनिटं खोकलो. मग म्हटलं, "बसीन. पण माह्या पट्टीत."

"चालेल," ती म्हणाली. तेव्हा तिला माझी पट्टी कोणती ते माहीत नव्हतं.

माझी पट्टी काळी एक. म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी हा माझा सा. मी शाळा तिसरीत सोडली, पेटी कोणी शिकवली नाही. वडीलधाऱ्या माणसांच्या बोटांकडे पाहून शिकलो. त्यांची काळी एक, म्हणून माझी काळी एक. चाळीस वर्षं सगळं भजन तिथूनच निघालं. दुसरी जागा असते हे माहीत होतं, पण तिथं आपलं काही काम आहे असं कधी वाटलं नाही.

पहिल्या रविवारी पंचवीस-तीस पोट्टे जमले. माझी नातही होती. ही माझ्या मुलीची मुलगी. मुलगी आणि जावई हायवेवरच्या जाम गावच्या चौकात नाश्त्याचं दुकान चालवतात. पहाटे चारपासून भट्टी पेटते, तिथं लेकराची शाळा कशी व्हायची? म्हणून नात आमच्याकडे. दहा वर्षांची, बोलणं कमी. ती सगळ्यात मागे खांबाला टेकून बसली.

बाईने अर्धा तास गाणंच घेतलं नाही. पोरांना जमिनीवर उताणं झोपवलं, पोटावर वही ठेवायला लावली आणि श्वास घेतला की वही वर आली पाहिजे म्हणाली. मग बैल नाक फुरफुरतो तसे ओठ फुरफुरायला लावले. पोट्टे हसून हसून लोळायला लागले. मी पेटीवर हात ठेवून बसलो होतो. शेवटी बोललोच, "बाई, हे गाणं हाय का कवायत?"

"कवायतच आहे काकाजी. गळ्याची."

मग एकदाचं गाणं सुरू झालं. मी काळी एक दिली. आणि बाप्पा, काय तो आवाज! खालच्या सुरांना पोरांचा गळा पोहोचेना, नुसती गुरगुर. वरचा सा धरावा तर अंतऱ्यात किंकाळ्या. मला नवल वाटलं नाही. गावातली पोरं आमच्या भजनात नेहमी अशीच गात आली. शंभरात एखादा गळेवाला निघतो, बाकीचे देवाने टाळ वाजवायला घडवले, असं माझं पक्कं मत होतं. आमच्या मंडळात रीतच तशी. ज्याला सूर लागत नाही त्याच्या हाती टाळ. तो कोणाला वाईट म्हणून देत नव्हतो. तीही सेवाच.

घरी येताना मी नातीला म्हटलं, "तुले सूर नाई लागत माय. पुढच्या रविवारी टाळ घेजो."

ती "बरं आबाजी" म्हणाली आणि चालत राहिली.

माझी बुढी सुपात तूर निवडत होती, तिच्या कानावर हे गेलं. हात थांबवून म्हणाली, "तिच्या मायलेबी तुमी हेच केलतं."

"मंग? खोटं होतं का ते?"

"मले काय मालूम खरं-खोटं. तुमीच गळे मोजत होते."

मी बाहेर जाऊन बसलो.

असे चार-पाच रविवार गेले. बाईच्या वर्गात टाळ नव्हता; नात मागे बसून नुसते ओठ हलवायची. एक गोष्ट मला दिसत होती, पण मी ती बोलत नव्हतो. पेटी बंद असली की पोरं बरी गायची. बाईने त्यांची बसायची जागा बदलली होती. सरपंचाच्या घरचा एक पोरगा फार ओरडायचा, त्याला तिने सगळ्यात हळू आवाजाच्या दोन पोरींमध्ये बसवलं. सांगितलं, "शेजारणीचा आवाज तुला ऐकू आला पाहिजे. नाही आला तर समज, तू ओरडतो आहेस." तो पोरगा महिनाभरात निम्म्या आवाजावर आला, आणि त्या दोन पोरी तोंड उघडून गायला लागल्या. आधी ज्यांची घरं एकमेकांशी बोलत नव्हती त्यांची लेकरं एकाच सतरंजीवर एकमेकांचा श्वास मोजत बसायची. हे सगळं चांगलं होत होतं. पेटी सुरू झाली की परत गुरगुर आणि किंकाळ्या.

बाई एकदा माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "काकाजी, काळी चार देता का?"

"काऊन?"

"लेकरांचा गळा तुमच्या काळी एकला पुरत नाही. खाली खोल पडतं, वर उंच पडतं. काळी चारमध्ये मधोमध येईल."

"आमी चाळीस वर्षं काळी एकमध्येच म्हणून राह्यलो. देवानं कधी तक्रार नाई केली."

"देवाचं काय काकाजी, देवाचा गळा बसत नाही. पोरांचा बसतो."

पोट्टे कान देऊनच होते, खो-खो हसले. तो ओरडणारा पोरगा तर सतरंजीवर आडवा झाला. मी पेटीचा भाता बंद केला, खटका लावला आणि म्हटलं, "मंग पेटीबिगर म्हणा."

त्यांनी पेटीशिवाय म्हटलं. मी बंद पेटी समोर घेऊन बसून राहिलो. पुढच्या रविवारीही तसाच. घरी बसलो असतो तर हरलो असं गाव म्हणालं असतं, म्हणून जात होतो. बाई दर वेळी विचारायची, "आज काळी चार?" मी मान हलवायचो. ती रागवायची नाही. तिचं ते न रागवणं मला जास्त टोचायचं.

खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही. मला काळी चारमधून वाजवताच येत नव्हतं.

मग बाईने ठरवलं की एका रविवारी आईबापांना बोलवायचं आणि पोरांनी गाऊन दाखवायचं. प्रत्येकाला एकट्याने दोन ओळी. कोणी सुटणार नाही. मी म्हटलं, "माह्या नातीले टाळ द्या."

बाई म्हणाली, "मी नाही देणार. तिने स्वतः मागितला तर देईन." आणि तिने सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, दोन ओळी म्हणतेस ना?"

नात खाली पाहून म्हणाली, "मले टाळच द्या बाई. माह्या गळ्यात सूर नाई."

माझेच शब्द. दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडी ते इतके जुने वाटले की मला तिथून उठावंसं वाटलं. पण गुडघ्यांमुळे पटकन उठता येत नाही.

दोन दिवसांनी मुलीचा फोन आला. बुढीने तिला सांगितलं असणार. मागे भट्टीचा आवाज, गाड्यांचे हॉर्न.

"बाबा, एक बोलू का? तिले टाळ नका देऊ."

"काऊन? टाळ वाईट हाय का?"

"वाईट नाई. मी सहा वर्षं वाजवला ना. तुमी शाबासकीबी देत होते. पण बाबा, ही पाळण्यात होती तवा मी हिच्यासाठी एकबी गाणं म्हटलं नाई. नुसतं हं-हं करत झोका देत होतो. सासू म्हणे, मुकी हायेस का? मी म्हणलं, माह्या गळ्यात सूर नाई, माह्या बाबानं सांगतलं. त्यायले कळते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता गिऱ्हाईक आलं, ठेवतो," म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुढी शेतात गेली. घरात कोणी नाही असं पाहून मी पेटी काढली. काळी चारवर बोट ठेवलं. सा, रे, ग, म, प. इथपर्यंत बोटं आपोआप गेली, काळी एकसारखीच. पुढे ध या सुराला बोट सवयीने काळीवर पडलं. चुकलं. तिथं पांढरी पाहिजे होती. परत खालून आलो, परत चुकलो. दहा वेळा, पंधरा वेळा. एकाच सुरासाठी मी घामाघूम झालो. या वयात बोट ऐकत नाही, ते आपलं जुन्या घरी जाऊन बसतं.

नात शाळेतून आली तेव्हा मी त्याच घोळात होतो. तिने दप्तर ठेवलं, पाणी प्याली आणि भिंतीजवळ बसली. मी थांबलो नाही. तिच्यासमोर थांबणं म्हणजे लपवणं झालं असतं. थोड्या वेळाने मला पेटीच्या आवाजात दुसरा आवाज लागला. ती गुणगुणत होती, रविवारचंच गाणं. गुरगुर नव्हती, ओढाताण नव्हती. काठापर्यंत पाण्याने भरलेला पितळी गुंड नीट डोक्यावर ठेवून एखादी बाई चालते ना, तसा तो आवाज चालला होता.

धच्या जागी माझं बोट परत काळीवर पडलं. पेटी चुकली. पोरगी चुकली नाही. पेटी तिला वर ओढत होती आणि ती आपल्या सुरावर उभी होती.

मी भाता सोडून दिला.

"आबाजी, थांबले काऊन?"

"दम लागला."

"मी म्हणत होतो म्हणून थांबले का?"

"नाई माय. म्हण तू."

ती म्हणाली. पुरं गाणं म्हणाली. मी तिच्याकडे न पाहता पेटीच्या पट्ट्यांकडे पाहत ऐकलं. चाळीस वर्षांत किती हातांत टाळ दिले ते आठवायला लागलो, मग आठवणं सोडून दिलं. काही जण आता नातवंडांचे आजे झाले, काही गाव सोडून गेले, दोघे वारले. सगळे पोरवयात मोठ्या माणसांच्या पट्टीत गात होते आणि मी त्यांचे गळे तपासत होतो. फार थकल्यासारखं झालं. शेतातल्या कामाचा थकवा झोपेने जातो. हा तसा नव्हता.

संध्याकाळी जेवताना नातीला विचारलं, "दोन ओळी म्हणशील का रविवारी?"

"तुमी म्हणता सूर लागते म्हणून?"

"मी नाई म्हणत. तू ऐकलं ना आज, तुले काय वाटते?"

तिने भाकरीचा तुकडा तोडला, चावला, गिळला. मग म्हणाली, "लागते."

रविवारी मंडपात माणसं भरली होती. मी पेटी उघडली आणि बाईला न सांगता काळी चारवर सा धरला. बाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, बोलली काही नाही. त्याबद्दल मी तिचा उपकार मानतो. ध मला अजून बसला नव्हता, म्हणून त्या जागी मी बोटच उचलून घ्यायचो. पेटीत तिथं खड्डा पडायचा आणि पोरं तो आपल्या आवाजाने भरून काढायची. ऐकणाऱ्यांना वाटलं, मुद्दामच तसं बसवलं आहे. एक जण मागून म्हणालाही, "बुढ्यानं काय जागा सोडली बे!" मी त्याला खरं काय ते सांगितलं नाही.

नातीची पाळी आली. ती उभी राहिली. आधी पोटावर हात ठेवून श्वास घेतला, बाईने शिकवला तसा. पहिली ओळ हळू गेली. दुसऱ्या ओळीला तिच्या दोन्ही बाजूंची पोरं ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर म्हणत होती, आवाज न काढता. ती ओळ मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेली. ओरडणाऱ्या पोराने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. बुढीने पदर तोंडाला लावला.

मुलगी आली नव्हती. रविवारी जामला गाड्यांची गर्दी, दुकान बंद ठेवता येत नाही. घरी आल्यावर नातीने तिला फोन लावला, पण भट्टीच्या आवाजात धड बोलणं झालं नाही. "मंग सांगजो, मंग सांगजो," एवढंच तिकडून येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेलूला जाऊन पहिली बस धरली. अर्ध्या तिकिटात वर्धा, तिथून दुसऱ्या बसने जाम. काय बोलायचं ते रस्ताभर मनात बसवत गेलो. दुकानासमोर ट्रकवाले उभे होते. मुलगी कढईत आलुबोंडे सोडत होती. मला पाहून घाबरली, "बाबा? काय झालं? पोरगी बरी हाय ना?"

"बरी हाय. कायबी नाई झालं." मग एका दमात बोलून टाकलं, नाहीतर राहूनच गेलं असतं. "तुह्या गळ्यात खोट नव्हती. पट्टी मोठ्या माणसायची होती, आन ती म्या देल्ली होती."

तिचा झारा थांबला. तेलात बोंडे तांबूस होत होते. जावयाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तिनं काल म्हटलं का नीट?" तिने विचारलं.

"म्हटलं. टाळ्या पडल्या."

"बरं," ती म्हणाली आणि बोंडे काढायला लागली. दोन बोंडे आणि तळलेली मिरची कागदावर ठेवून माझ्यासमोर सरकवली. "गरम हाय, सांभाळून."

मी खाल्लं. हात धुतले. मागच्या बाजूला उकडलेल्या आलूंची टोपली होती, मी तिच्याजवळ बसलो आणि आलू सोलायला लागलो. ती कढईकडे तोंड करून होती, मला पाठमोरी. टोपली रिकामी होईपर्यंत मी तिथून उठलो नाही.