चिंचोक्यांची लॅब

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी न बोलावता साठत जातात, चिंचोके आणि किस्से. चिंचोके निदान दळता तरी येतात. किश्श्यांचं काय करायचं हे कुणी ठरवलेलं नाही, म्हणून चहाला बसलो की ते एकमेकांना सांगतो आणि दर वेळी त्यात थोडी भर पडते. आज भर न घालता सांगायचा प्रयत्न करतो.

आधी ओळख. तेलगावच्या बाहेर आमचं फूड टेक्नॉलॉजीचं कॉलेज आहे. मागच्या बाजूला, पूर्वी सायकल स्टँड होता तिथं, जोगदंड मॅडमची लॅब. मी त्यांचा असिस्टंट. चिंच फोडल्यावर जे चिंचोके उकिरड्यावर जातात, ते आम्ही भाजून, सोलून, दळतो. पीठ गरम पाण्यात शिजवलं की घट्ट खळ होते. त्या खळीत एन्झाइम टाकलं की ते तिच्यातल्या लांबलचक साखळ्यांचे बारीक तुकडे करतं आणि खळ पाण्यासारखी पातळ होते. ते पाणी वाळवून जी पूड निघते ती प्रीबायोटिक, म्हणजे आपल्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंचा खुराक.

हे सगळं सरकारी प्रोजेक्टवर चालतं आणि त्याची मुदत यंदा संपत होती. कमिटी येऊन बघणार. पटलं तर मुदतवाढ, नाही पटलं तर लॅबला कुलूप. मॅडमनी उमेदीची सगळी वर्षं या चिंचोक्यांत घातलीत. तेव्हा हसू येईल तिथं हसा, पण एवढं डोक्यात असू द्या.

* * *

पहिल्यांदा चिंचोके मागायला गेलो तेव्हा चिंच फोडणाऱ्या बायकांनी उकिरड्याकडं बोट दाखवलं. पाहिजे तेवढे न्या म्हणाल्या. आम्ही खूश होऊन पोती भरली.

दुसऱ्या खेपेला गेलो तर उकिरडा झाडून लख्ख! चिंचोके पोत्यांत भरलेले, पोत्यांची तोंडं शिवलेली, आणि पोती थेट घरात, धान्याच्या शेजारी. मॅडमनी विचारलं, परवापर्यंत तर फेकत होता?

त्यातली एक म्हणाली, "शिकलेली बाई जीप घेऊन उकिरडा उकरायला येती, मंजी त्यात काईतरी असंलच की."

* * *

एन्झाइम म्हणजे काय हे लोकांना समजावणं हा आमचा कायमचा जोडधंदा. एकदा महिला मेळाव्यात साखळ्यांबद्दल बोलून मॅडम थकल्या आणि म्हणाल्या, "दुधाला विरजण लावतो ना? चमचाभर टाकलं की सगळं दूध बदलतं. तसंच समजा." मी हळूच म्हणालो, मॅडम, हे शास्त्राला धरून नाही. मॅडम म्हणाल्या, गप्प बस, पहिल्यांदाच कुणाची तरी मान हलली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजशेजारच्या शेवंताबाई वाटी घेऊन दारात. त्यांच्या घरचं विरजण संपलं होतं आणि आमचं लई भारी असतं असं त्यांच्या कानावर आलं होतं. मॅडमनी पहिल्यापासून सगळं समजावलं. शेवंताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वाटी पुन्हा पुढं केली. शेवटी मॅडमनी स्वतःच्या डब्यातलं दही चमचाभर घालून दिलं.

दही फक्कड लागलं. त्या गल्लीत आजही घरोघरी तेच दही आहे आणि सगळे त्याला एन्झाइमचं दही म्हणतात.

* * *

ड्रायर आला तेव्हा उद्घाटनाला माजलगावकडचे एक पुढारी आले होते. नारळ झाला, हार झाला. मग त्यांनी एन्झाइम बघायची इच्छा व्यक्त केली. मॅडमनी बाटली दाखवली. आत नुसतं पिवळसर पाणी. पुढाऱ्यांनी बाटली उजेडाकडं धरून बघितली, हलवून बघितली. मॅडम म्हणाल्या, ते डोळ्यांना दिसत नाही, पण काम करतं.

पुढाऱ्यांनी मागं वळून आपल्या लवाजम्याकडं एक नजर टाकली. "दिसत न्हाई आन् काम करतंय? आमच्याकडं बरोब्बर उलटं हाय."

सगळ्यात मोठ्यांदा लवाजमाच हसला.

* * *

मग आली पूड माणसांना देऊन बघायची चाचणी. काही जणांना खरी पुडी, काही जणांना तशीच दिसणारी साधी पुडी. कुणाला कुठली, हे आम्हालाही माहीत नाही. स्टाफमधूनच माणसं घ्यायची होती आणि आमचे हेडक्लार्क गव्हाणे भाऊसाहेब काही केल्या तयार होईनात.

"सरकार जंत मारायच्या गोळ्या वाटायलंय," ते म्हणाले, "आन् तुमी पोटातल्यांना खुराक घालायलाव. आधी तुमचं काय ते ठरवा."

मॅडमनी चांगले जंतू आणि वाईट जंतू यांच्यावर त्यांचा खास वर्ग घेतला, तेव्हा कुठं ते पुडी घ्यायला लागले. आणि मग विचारू नका! आठवड्याभरात पोट हलकं झालं. पुढं झोप लागायला लागली, गुडघा वाकायला लागला. प्रिन्सिपॉलसाहेबांना, कँटीनवाल्याला, पगाराची चौकशी करायला आलेल्या प्रत्येकाला ते पुडीचे गुण सांगत. आम्हाला मनातून फार बरं वाटायचं.

चाचणी संपली, यादी उघडली. गव्हाणे भाऊसाहेबांची पुडी साधी होती.

त्यांना सांगायची कुणाची हिंमत होईना. पण मॅडमचं म्हणणं, माणसाला खरं ते कळलं पाहिजे. त्यांनी भाऊसाहेबांना बोलावून, खुर्ची देऊन, चहा पाजून हळूहळू सगळं सांगितलं. भाऊसाहेबांनी चहा संपवला.

"ते सगळं ठीक हाय मॅडम," ते म्हणाले, "पण मला तीच पुडी चालू ठेवा."

* * *

आता कमिटीचा दिवस. त्यासाठी बिरूआबा माहीत पाहिजेत.

बिरूआबा पलीकडच्या वाडीवर राहतात. मेंढरं आता मुलगा बघतो, आबा घोंगडी विणतात. घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ द्यावी लागते आणि ती वाटता वाटता त्यांच्या म्हातारीची मनगटं कामातून गेलेली. सुरुवातीला आमचं एन्झाइम पुण्याहून एसटीनं बर्फात घालून यायचं. गाडी वाटेत बंद पडली की बर्फ वितळायचा, एन्झाइम निकामी व्हायचं आणि खळ पातळ होता होत नसे. मॅडम त्या दिवशी जेवायच्या नाहीत. आबा मात्र कॅन घेऊन हजर! ती घट्ट खळ त्यांना अगदी पाहिजे तशी असायची. चेहरा दुःखी ठेवायचा ते मनापासून प्रयत्न करायचे, पण जमायचं नाही.

तर कमिटी आली. अध्यक्ष कडक माणूस. आलेख बघून झाले, पूड बघून झाली. म्हणाले, "कागदावर सगळंच छान असतं. हे दर वेळी जमतं कशावरून? तुमच्या लॅबबाहेरचं कुणी सांगेल?" आमची पूड अजून बाजारात गेलेली नव्हती, सांगणार कोण?

तेवढ्यात दारात बिरूआबा, हातात कॅन. त्यांना बाहेरच थांबवायला मी उठलो, पण उशीर झाला. अध्यक्षांनी त्यांना आत घेतलं, कशाला आलात विचारलं. आबांनी सगळं सांगितलं. खळ, घोंगडी, म्हातारीची मनगटं.

"म्हणजे मॅडमचा प्रयोग फसला की तुमचं काम होतं?"

"व्हय साहेब."

मॅडमनी मान खाली घातली. आता संपलं, असं मला वाटलं.

आबांनी रिकामा कॅन टेबलावर ठेवला. "पर आता काय खरं न्हाई साहेब. उन्हाळ्यापास्नं दर बाजाराला येतो आन् मोकळाच जातो. ह्यांचं एकबी फसंना. घरी म्हातारी बोलायली मला. तुमी मोठी माणसं हाव, ह्यांला जरा समजावून सांगा."

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि शेजारची खुर्ची पुढं ओढली.

"आबा, इथं बसा. आणि हे परत एकदा सांगा, सावकाश. आमचे हे सदस्य लिहून घेताहेत."