सुतळीवरचा लाल त्रिकोण

सुतळीनं जगातलं काहीही दुरुस्त होतं, यावर कन्हेरीच्या रामहरीतात्यांचा भारी विश्वास. त्यांची जीपसुद्धा सुतळीच्याच जिवावर चाले. परवा पेरू घेऊन इंदापूरला निघाले आणि ती भर रस्त्यात बंद पडली. मागच्या गाड्या सावध व्हाव्यात म्हणून सुनेनं दिलेला लाल त्रिकोण तात्यांनी बाहेर काढला, तर त्याचा पाय मोडलेला. तात्या कसले ऐकतात! सुतळी बांधून त्यांनी तो जीपमागं टांगला, पण टोक खाली. झालं! एक ट्रॅक्टरवाला थांबून ओरडला, "आबा, कुटुंब नियोजनाची गाडी हाय व्हय?"

पेरूंच्या पाट्यांशेजारी बसलेल्या धोंडाबाईंना हसून हसून उचकी लागली. नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, सात लेकरं झाली, अन् त्यो तिकोण आत्ता टांगताय व्हय!"