दादाच्या तोंडून

ठाण्यात तेव्हा वर्तमानपत्र वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणारे अधिक होते. गावचे साप्ताहिक शनिवारी छापखान्यातून निघे आणि त्याच संध्याकाळी वाचनालयाच्या ओसरीवर मोठ्याने वाचले जाई. वाचण्याचे काम माझ्या थोरल्या भावाचे. आवाज सपाट, पदरचा एक शब्द घालायचा नाही. ज्या बातमीची त्याला खात्री नसे, ती तो वाचीतच नसे. मुकाट्याने पान उलटी. बाळकुमचे शेतकरी, मिठागरवाले, बाजारातले दुकानदार हे पुरते ओळखून होते. दादाने वाचले म्हणजे ते खरे.

पत्राचे संपादक दादाचे शाळेपासूनचे स्नेही. आमच्या आईच्या हातचे जेवूनच ते मोठे झाले. मला ‘काय रे पंडित’ म्हणून हाक मारीत. दादा म्युनिसिपालिटीत निवडून आला आणि पुढे प्रेसिडेंट झाला, त्यात त्यांच्या पत्राचा वाटा मोठा होता.

प्रेसिडेंट झाल्यावर दादाने पहिले काम केले ते पिण्याच्या पाण्याच्या तळ्यावर म्हशी धुण्याची बंदी. पत्राने त्याची वाखाणणी केली. गावाला डोळस माणूस लाभला, असे लिहिले. मग संपादकांच्या मेहुण्याच्या मनात प्रेसिडेंट व्हायचे आले. तळे तेच होते, बंदीही तीच. पत्रात मात्र ती आता गोरगरिबांवरचा जुलूम झाली. मेहुण्याने आपल्या आळीतले एक गटार उपसून घेतले, तर त्यावर दोन रकाने. दादाने बाजारात नवे कंदील लावले, ते जाहिरातींच्या खाली एका ओळीत.

मी दादाला म्हटले, ते मजकूर वाचू नकोस.

“स्वतःबद्दलचे गाळू लागलो, तर दुसऱ्यांबद्दलचे कोणत्या तोंडाने वाचू?” तो म्हणाला.

आणि त्याने वाचले. आठवड्यामागून आठवडे, प्रेसिडेंटची मनमानी, प्रेसिडेंटचा तोरा, सगळे त्याच सपाट आवाजात. मी खांबाशी बसून कान बंद करावेत तसा जमिनीकडे पाहत असे.

एका शनिवारी पायऱ्या उतरताना बाळकुमचा एक म्हातारा शेतकरी सोबत्याला सांगत होता, “खोटा असता तं दादानी सवताच्या तोंडान वाचला असता का?” सोबत्याने मान डोलावली. दोघेही घरपट्टी भरणारे, मताचा हक्क असलेले.

वाटेत मी ते दादाला सांगितले. घराशी आल्यावर तो म्हणाला, “आपल्या संपादकालाही हे ठाऊक असणार. त्या ओसरीवर तो माझ्या शेजारीच बसत आला आहे.”

दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात गेला. आपली बाजूही छापावी एवढेच मागायला. संपादकांनी पानाचे तबक पुढे केले, आईची प्रकृती विचारली, आणि हसून म्हणाले की पत्रातले पत्रात राहू द्यावे, घरोबा वेगळा. छापले काहीच नाही. दादाने तिथे विडा घेतला नाही, एवढेच त्याने मला सांगितले.

निवडणुकीत त्याची सभासदाची जागाही गेली. मेहुणा प्रेसिडेंट झाला, तळ्यावरची बंदी त्यानेही ठेवली, आणि पत्राने ती पुन्हा वाखाणली. दादाने तेही वाचले. हिवाळ्यात त्याने खोकल्याने अंथरूण धरले, ते सोडले नाही.

तो गेल्यानंतरचा अंक काळ्या चौकटीत निघाला. पहिले पानभर दादाच. संपादक स्वतः तो घेऊन ओसरीवर आले, त्यांचे डोळे ओले होते. अंक माझ्या हातात देऊन म्हणाले, “तू वाच, पंडित. त्याच्या जागी तूच शोभतोस.”

मी दादाच्या चौरंगावर बसलो. लोक नेहमीपेक्षा जास्त होते. मी आधी मनाशी वाचले. तळे होते, कंदील होते, त्याचा सरळपणा होता. गावाला या माणसाची किंमत कळली नाही, असेही लिहिले होते. मी पान उलटले, आणि पुढच्या पानावरचा भाताचा भाव वाचू लागलो.

म्हातारा शेतकरी पुढेच बसला होता. त्याने मला थांबवले.

“म्हनजे त्याच्यातला कायच खरा नाय?”

संपादक खांबाशी उभे होते. तेही माझ्याकडे पाहत होते. मी पान पुन्हा मागे उलटले, आणि दादाच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.